जीवरामभाऊंचा खालचा सूर

जळगावात अभिमनसारखा मोटार भरून देणारा शोधून सापडायचा नाही. विहिरीतली जळलेली मोटार आणून टाका, संध्याकाळी पाणी फेकायला लागते. हा माणूस रविवारी चर्चमध्ये गिटारही झकास वाजवतो. गायचं नाव मात्र काढू नका. कुणी फार गळ घातली की म्हणायचा, "तो गळा वडिलांचा होता. मला नाही दिला देवाने."

वडील म्हणजे जीवरामभाऊ, धुळ्याचे गॅरेजवाले. अभिमन बोर्डिंगात शिकत होता तेव्हा त्यांनी एक गीत कॅसेटवर भरलं आणि पारोळ्यापासून असोद्यापर्यंत घरोघरी ते वाजलं. काय तो आवाज! इतका खोल की ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जायची. पुढे घसा बसला म्हणून जीवरामभाऊ कधी गायलेच नाहीत. पण मान मरेपर्यंत मिळाला. अभिमनने पंधराव्या वर्षी चर्चमध्ये तो खालचा सूर लावायला घेतला, तर नुसता घोगरा वारा निघाला. मंडळी हसली. जीवरामभाऊंनी घरी येऊन सांगितलं, "तुझ्याच्याने होणार नाही. गिटार शीक." पोरगं त्या दिवसापासून गप्प झालं ते झालंच.

जीवरामभाऊ गेल्या वर्षी गेले. त्यांच्या स्मरणाच्या उपासनेत ते गीत नव्याने भरून वाजवायचं, असं पाळकसाहेबांनी जाहीर करून टाकलं. आवाज वडिलांचाच ठेवायचा आणि मागची पत्र्यासारखी वाजणारी गिटार काढून नवी घालायची. हल्ली कॉम्प्युटर आवाज आणि वाद्यं वेगळी करून देतो. अभिमनने त्यासाठी गिटारचा आवाज बदलणारा नवा पेडल घेतला, आठवडाभर खटपट करून ऊबदार, भरीव टोन जुळवला. शनिवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर तो वाजवायला बसला आणि अडला.

कॅसेटवरच्या जुन्या गिटारची जाड तार त्याच्या गिटारपेक्षा कितीतरी खाली बोलत होती. त्याने आपली तार सैल केली, आणखी सैल केली, शेवटी ती लोंबायला लागली. इतकी खाली जाणारी गिटार असते तरी का? मग त्याला ती घरघर ओळखीची वाटली. व्होल्टेज कमी पडलं की मोटार अशीच रेंगाळते, अशीच जाड आवाजात कण्हते. जन्म त्यात गेलेला माणूस तो! कॅसेटची नक्कल करताना टेप हळू फिरला होता, दुसरं काय. त्याने कॉम्प्युटरवर गती वाढवत नेली, जुनी तार आपल्या तारेला येऊन मिळेपर्यंत. मग वडिलांचा आवाज लावला.

बाई गात होती.

अभिमनने तेच कडवं पुन्हा लावलं. आवाज तरुण होता, पण रोज "जेवाले ये" म्हणणारा आवाज माणूस ओळखणार नाही होय?

घरी त्याची आई, भिकुबाई, मेथी निवडत होती. त्याने तिच्यासमोर मोबाइल ठेवून गीत लावलं. दोन ओळी झाल्या आणि तिच्या हातातली काडी हातातच राहिली.

"मना आवाज शे तो," ती म्हणाली. "गिटार त्यासनी. नक्कल करतांना टेपना सेल उतरेल व्हतात."

"आणि तू गप्प राहिलीस? इतकी वर्षं?"

"लोकं त्यासलेच मान देवाले लागनात. मंग मी काय बोलू?" मग चर्चमध्येही ती कधी गायली नाही, ओठ हलवायची फक्त. गायली असती तर कुणीतरी ओळखलं असतं.

अभिमनला राग आला, पण तो कुणावर काढायचा? त्याने सगळी ताकद गोळा करून एकच विचारलं. "चर्चमध्ये मला सगळे हसले त्या दिवशी... बाबांना माहीत होतं?"

भिकुबाईने मेथीची जुडी बाजूला सारली. "त्यासले ठाऊक व्हतं, तो सूर कोनले बी लागाव नही."

माणसाच्या गळ्यात नसलेला सूर! त्याच्यासाठी बापाने पोराचं गाणं बंद केलं होतं. आता अभिमन एकावन्न वर्षांचा होता. पाळकसाहेबांचा फोन आला, गीत तयार आहे का म्हणून.

"तयार आहे," तो म्हणाला. "पण गाणाऱ्याचं नाव बदला. भिकुबाई जीवराम लिहा."

"कुणाचं?" पाळकसाहेबांनी विचारलं. भिकुबाईने पदर तोंडावर ओढला आणि ती मान हलवत राहिली, नको, नको. अभिमनने फोन ठेवला नाही, नाव पुन्हा सांगितलं.