चहा उकळायच्या आत सापडलेली नावं

रेशन यादीतून गळालेली माणसं शोधायला आम्ही जुनी-नवी यादी आठ दिवस बोट ठेवून ताडून पाहत होतो. संघटनेत नव्यानंच आलेल्या सहकारी मुलीनं तीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि चहा उकळायच्या आत गळालेलं प्रत्येक नाव पडद्यावर आणलं. माझी पहिलीच नोकरी. मी लगेच ती यादी छापून घेतली.

दुसऱ्या दिवशी, नावं परत घालायच्या अर्जांच्या शेवटच्या दिवशी, तहसीलच्या बाबूनं छापील यादी परत सरकवली. "मले हातानं लिहेल पाह्यजे."

"काऊन?" मी विचारलं.

"मशीन सही करते का?"

मी भांडायला उठलो. सोबत आलेली ती सहकारी म्हणाली, "भांडण उद्या करजो. आता लिह."

पायरीवर बसून आम्ही सगळी नावं हातानं उतरवली. बाबूनं ती घेतली आणि टायपिंगला पाठवली.