रुक्माबाईचं माप

माप न घेता उंची रेशमी ब्लाउज शिवून विकणारी जवळा बाजारातली पहिली बाई म्हणजे मालनबाई. तेव्हा व्यंकटराव टेलर म्हणाले होते, "अंग न बघता पोलकं? मंग नवरी न बघताच लगीन लावा." पुढे त्यांच्याच घरातल्या बायका मालनबाईंकडे जाऊ लागल्या. व्यंकटरावांनी त्यानंतर मत दिलं नाही.

मालनबाईंनी मापांना आकडे दिले नाहीत. ओळखीतल्या सहा बायकांच्या मापाचे पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि त्यांनाच त्या बायकांची नावं दिली. सगळ्यात जास्त खपायचं 'रुक्माबाई'. खुद्द रुक्माबाई तांड्यावरून बाजाराला आल्या की आपलं नाव टांगलेलं बघून जात.

मालनबाई वारल्या आणि दुकान सून पल्लवीकडे आलं. ती नांदेडला फॅशन डिझायनिंग शिकलेली. तिने नावं काढून छत्तीस, अडतीस, चाळीस असे आकडे लावले. शास्त्र बरोबर होतं. गिऱ्हाईक मात्र आकडा वाचून ब्लाउज परत टांगायचं. तीन महिन्यांत दुकान बंद करण्याची वेळ आली.

तशात रुक्माबाई आल्या. नात नीलमच्या लग्नासाठी तांड्यातल्या बावीस बायकांचे ब्लाउज घ्यायचे होते.

"माझं माप कुठंय?"

"मावशी, तुमाला आता चव्वेचाळीस लागंल."

"तुज्या सासूनं तीस वरसं मला रुक्माबाईच दिलं. कधी अंगाला तटलं न्हाई. आता काहून आकडे लावून राहिली?" त्या उठल्या. "पुढच्या बाजारी येते. न्हाई सापडलं तर हिंगोलीहून आणू."

पल्लवीने सासूची पत्र्याची पेटी उघडली. 'रुक्माबाई' नावाचे सात नमुने निघाले. प्रत्येकावर साल, आणि प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा दोन बोटं रुंद. बाकीची पाच मापंही अशीच हळूहळू वाढवत नेलेली. म्हणजे तीस वर्षं आसपासच्या गावांतल्या बायका, लेकरं झाली, पन्नाशी उलटली, तरी त्याच मापात बसत होत्या आणि त्याचं श्रेय शेतातल्या कामाला देत होत्या. नांदेडच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता.

पल्लवीने आठवा नमुना कापला. आकड्यांच्या चिठ्ठ्या उसवून काढल्या.

पुढच्या बाजारी रुक्माबाई नवं 'रुक्माबाई' घालून बघत पडद्याआड बराच वेळ होत्या.

"पल्लवे, दंडात ढिलं झालं गं. वाळले का मी?"

"लग्नाची धावपळ, मावशी."

"व्हय," रुक्माबाई समाधानाने म्हणाल्या. "बावीस बांध. माझ्या सुनंला पन हेच माप दे. तिला तटंल जरा. तटू दे."