फक्कीची रेषा

आमच्या गावच्या कबड्डीत प्रेक्षक अगदी मैदानाच्या रेषेला बोटं लावून उभे राहतात. चार हात मागे दोरी बांधा म्हटलं, तर मंडळवाले हसतात. "माणसं आहेत ती, गुरं नाहीत दावणीला बांधायला!"

परवा अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला आमच्या गड्याचा पाय बाहेर पडला, असा निकाल पंचांनी दिला. पंच म्हणजे शेजारच्या गावचे खेळाचे मास्तर. शिट्टी तोंडातून निघायच्या आत पहिली थप्पड बसली. मग लाथा. कुणीतरी त्यांचीच खुर्ची त्यांच्या पाठीत घातली. ती मोडली, तर तिच्या पायाने हाणलं. ओठ फुटला, शर्टाच्या चिंध्या झाल्या. "पाय आतच होता! दाखव रेषा!" एकजण त्यांची मान धरून तोंड मातीत दाबत होता.

रेषा होतीच कुठे? मारायला धावलेल्यांनीच ती तुडवून टाकली होती. डोळ्यांत तेल घालून बघणारा पंच आम्हाला हवा असतो. त्याला रेषा दिसेल एवढी हातभर जागा मात्र आम्ही सोडत नाही.

हात दुखायला लागले तेव्हा मार थांबला. मास्तर उठले, रक्त थुंकले. म्हणाले, "मागे व्हा. फक्की मारायचीय."

सगळे मागे सरले. मातीत पांढरा कणही उरला नव्हता. सगळा चुना मारणाऱ्यांच्या पायांना लागला होता.