खंडेनवमीचं पाणी

ललिताचा स्वभावच काळजीचा. कळवणहून नाशिकला हार्डवेअरचा कोर्स करायला आली तेव्हा एसटीत तिकीट पडलं तर नाही ना, हे ती पर्स उघडून दहादा बघायची. अशा मुलीनं विजेच्या वस्तूंत हात घालायचं काम निवडावं, म्हणजे पाण्याला घाबरणाऱ्यानं होडी चालवायला घेतल्यासारखंच. रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात तिला कॉम्प्युटर दुरुस्तीची नोकरी लागली, तेव्हा मालक खंडेराव म्हणाले होते, "बाईमाणसाला जमतंय का, बघू." झालं, तिच्या जिवाला आणखी एक घोर लागला.

तेव्हाच्या कॉम्प्युटरला आत वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, दोन सारखेच प्लग यायचे. ते मदरबोर्डवर शेजारी शेजारी लावायचे. अदलाबदल झाली की बोर्ड जळालाच म्हणून समजा. खूण एकच, दोन्हींच्या काळ्या वायरी मधे, एकमेकींना खेटून. ललिता ते लावायची, काढायची, पुन्हा लावायची आणि बटण दाबताना डोळे मिटून घ्यायची. कामगार हसायचे. हसोत बापडे, तिच्या हातून एकही बोर्ड गेला नव्हता.

दोन हजार साली नवं मशीन आलं. त्याला एकच रुंद प्लग, वर खटकन बसणारी खिटी. उलटा लावीन म्हटलं तरी लागायचा नाही. शिवाय स्क्रीनवर 'बंद' निवडलं की हा कॉम्प्युटर आपला आपण बंद व्हायचा. ललिताला जन्मात पहिल्यांदा निर्धास्त वाटलं, आणि घात झाला तो तिथेच.

खंडेनवमीला छापखान्यात यंत्रांची पूजा असे. ती खंडेरावांच्या पत्नी साळूबाई करायच्या. माहेर गोदाकाठच्या सायखेड्याचं, हात सढळ. हळदकुंकू असो की पाणी, हात राखून टाकणं त्यांना माहीत नव्हतं. ललितानं धूळ काढायला नव्या मशीनचं झाकण उघडून ठेवलं होतं.

"बंद हाय ना गं पोरी?" साळूबाईंनी विचारलं.

स्क्रीन काळा होता, पंखा थांबला होता. "बंद आहे, काकू," ललिता म्हणाली.

साळूबाईंनी झेंडूचं फूल बुडवून मशीनवर पाणी शिंपडलं. आतून चर्र झालं आणि जळका वास सुटला.

जुन्या मशीनचं बटण दाबलं की वीज तिथेच तुटायची. या नव्याचं बटण नुसता निरोप द्यायचं. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत बोर्डात थोडी वीज जागीच असायची. बोर्डावरचा बारीक हिरवा दिवा ललिताला रोज दिसत होता. तो कशाचा, हे विचारावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

खंडेराव धावत आले. "केलंस वाटोळं? किती वेळा सांगितलं, पाणी बेतानं शिंपड म्हणून!" साळूबाईंनी मान खाली घातली.

ललिता गप्प राहिली, तर तिची नोकरी वाचत होती. काकूंना कुणी कामावरून काढणार नव्हतं. नोकरी गेली तर मात्र कळवणला परत, मग स्थळं बघणं सुरू, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर सुटायचा तो कायमचा.

"काका, काकूंचं नाही चुकलं," ती कशीबशी म्हणाली. "त्यांनी मला विचारलं होतं. मीच बंद आहे म्हणाले."

खंडेरावांनी तिच्याकडे बघितलं, मग कामगारांकडे. "सणाचा दिवस आहे. आत्ता काही बोलत नाही," एवढंच म्हणून ते आत गेले.

दसऱ्याला छापखान्याला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी ललिता कामावर गेली, तर तिच्या स्टुलावर एक अनोळखी माणूस बसून मशीन खोलत होता. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

संध्याकाळी ती खोलीवर ट्रंक भरत होती. दारात साळूबाई उभ्या, हातात आपट्याची पानं.

"काल येता नाय आलं. सोनं घे."

ललिता पायाशी वाकली. "काकू, तुमचं मशीन माझ्यामुळे गेलं."

"जाऊ दे मशीन," साळूबाई म्हणाल्या. "या घरात आल्यापास्नं जे मोडलं, ते माझ्याच हातानं मोडलं म्हणत्यात. माझ्यावरचा आळ आजवर कुणी आपल्या अंगावर घेतला नाय गं."

आणि रडायची पाळी ललिताची असताना त्याच रडू लागल्या.