राखलेला नंबर

लोणावळ्याच्या आमच्या टॅक्सी स्टँडवर एका पाटीवर खडूनं गाड्यांचे नंबर लिहितात. जो आधी आला, त्याला भाडं आधी. नंबर आला आणि ड्रायव्हर गाडीपाशी नसला, तर तो थेट शेवटी. कुसगावहून मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तेव्हा माझा नंबर सातवा होता. एक जण हसून म्हणाला, "वहिनी, तुमी व्हा पुढं. लेडीज फर्स्ट." मला तो चांगुलपणा वाटला. त्याला थँक्यू म्हणून, रांग मोडून, मी टायगर पॉइंटचं भाडं घेऊन गेले.

ती माझी घोडचूक. ते एक भाडं मला पुढची दोन वर्षं ऐकावं लागलं. मोबाइलवर बायकांच्या हक्कांबद्दल काही आलं की तोच माणूस ते मोठ्यानं वाचायचा आणि वर म्हणायचा, "ह्यांना बरोबरी बी पायजे अन् पयला नंबर बी पायजे." सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसणारी बाई लगेच भांडकुदळ ठरते. मनातून मात्र स्वतःलाच शिव्या घालायचे. त्यानंतर मी एकदाही रांग मोडली नाही.

खरी अडचण मी कुणाला सांगितलीच नव्हती. स्टँडवर बायकांसाठी बाथरूम नाही. पुरुष मागच्या भिंतीआड जाऊन दोन मिनिटांत परत येतात. मला बाजारातल्या ओळखीच्या हॉटेलपर्यंत चालत जावं लागायचं, आणि तेवढ्यात नंबर जायचा. म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. लघवीच्या जळजळीसाठी तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी झापलं, "पाणी तरी पी, नाहीतर गाडी तरी सोड." गाडी कशी सोडणार? आयुष्यात पहिल्यांदा मी कुठं निघाले हे कुणाला विचारून ठरत नव्हतं.

त्या शनिवारी पाणी प्यायले. हॉटेलवर जाऊन आले, तर माझा नंबर सगळ्यात खाली. मी म्हणाले, "एवढ्यापुरता नंबर राखत जा."

लेडीज फर्स्टवाला म्हणाला, "वहिनी, बरोबरी म्हंजी बरोबरी. नियम समद्यांना सारका."

मी संतापून पाटीकडे वळले. तेवढ्यात नजर आबांच्या गाडीकडे गेली. आबा स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांना साखरेचा आजार, सारखं जावं लागतं. जाताना ते आरशावर टॉवेल टाकतात. टॉवेल दिसला की कुणी त्यांचा नंबर हलवत नाही. ही रीत मी रोज बघत होते, आणि आत्ताही टॉवेल आरशावर होता.

"आबांचा टॉवेल कुठल्या नियमात बसतो?" मी विचारलं.

"त्यांची गोष्ट येगळी हाय."

"वेगळी कशी? त्यांना जावं लागतं, म्हणून तुम्ही थांबता. मलाही जावंच लागतं."

आबा परत येऊन मागं उभे होते. त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि विचारलं, "मंग दोन वर्सं काय करत हुतीस गं?"

"पाणी पीत नव्हते."

कुणी हसलं नाही. लेडीज फर्स्टवाल्यानं खडू उचलला आणि माझा नंबर आधी जिथं होता तिथंच परत लिहिला.

दुसऱ्या दिवशी मी आरशावर ओढणी टाकून गेले. परतताना सवयीनं पळायला लागले, मग मुद्दाम सावकाश चालले. नंबर जिथल्या तिथं होता. "आता रोज ओढण्या वाळत पडतील हितं," लेडीज फर्स्टवाला पुटपुटला. पुटपुटू दे. मी गाडीला टेकून उभी राहिले, बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर अख्खी रिकामी केली.