बाबांच्या बँडचं रेकॉर्डिंग

मी रॉक बँडमध्ये गिटार वाजवते. ज्या गाण्यांनी मला घडवलं, अशा इतरांच्या बारा गाण्यांचा संग्रह माझ्या नावानं निघणार आहे. परवा ती गाणी बाबांना ऐकवली. बाबा मिरजेत लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवायचे. डोळे मिटून ते ऐकत होते आणि बोटं मांडीवर हलत होती, जणू हातात क्लॅरिनेटच आहे. प्रत्येक परक्या गाण्यात ती बोटं आपली वाट शोधत होती.

ते बघताना मला बसवेना. संग्रहासोबत छापायच्या मजकुरात मी लिहिलं होतं, ‘आमच्या घरी संगीताचं वातावरण नव्हतं.’ शाळेत असताना बाबांचा बँड वरातीत वाजवत समोरून आला, की मी मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या गल्लीत वळायची. तरीही आज स्टेजवर मी सूर लांबवते, तेव्हा तो हेलकावा कुणाकडून आलेला असतो?

“बाबा, तुमच्या बँडचं एखादं रेकॉर्डिंग आहे का? यात घालू या.”

ते हसले. “आमचं कोण रेकॉर्ड करणार गं? लोक नाचत होते.”

“मग आता वाजवा. स्टुडिओत जाऊ.”

“दात गेले. आता फुंक धरत नाही.”

‘वातावरण नव्हतं’ हे वाक्य मी खोडलं. त्या जागी काय लिहावं, सुचत नाही. माणसाला घडवणारे आवाज असे हवेतच विरत असतील, तर आपण याद्या तरी कशाच्या करतो? दोन दिवस कागद घेऊन घरभर फिरतेय.

बाबा मात्र आतून हाक मारतात, “ते पाचवं गाणं परत लाव गं. छान आहे.”