न मोजलेली एक तार

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे मीटरमामा म्हणत. तार कुठलीही असो, मीटरची सुई टोचून पाहिल्याशिवाय मामा तिला हात लावत नसत. बॅटरीतून निघालेली जाडजूड तारसुद्धा आधी तपासायची, मगच पुढचं काम. शेजारचा टायरवाला म्हणायचा, लग्नाला उभं राहतानाही मामांनी मीटर लावूनच होकार दिला असेल. मामा हसत आणि पुन्हा सुई टोचत.

खरी गोष्ट फक्त मामींना ठाऊक होती. मामांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. तपकिरी, शेंदरी, पोपटी, सगळा त्यांच्या लेखी एकच गाळ. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनी मामींच्या तपकिरी स्वेटरकडे पाहून हिरवा रंग तुला खुलतो असं कौतुक केलं होतं. मामी आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. तारांचं काम कसं करता, असं त्यांनी विचारलं. मोजून करतो, असं मामांनी सांगितलं, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

तीस वर्षं ते मोजत आले होते. तरी एक भीती कायमची वस्तीला होती. हे कधी बाहेर आलं, तर रंग न कळणाऱ्या वायरमनकडे गाडी कोण आणेल?

एका मंगळवारी दुपारी पंधरा वर्षं जुनी, छोटी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. चालवत होत्या शिवणकाम करणाऱ्या एक बाई. शेजारी त्यांचे यजमान, निवृत्त बसड्रायव्हर. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला बाजूची सीट बोचत होती. गाडी थांबताना त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर पडला, हे मामांनी पाहिलं. ड्रायव्हरांची मूत्रपिंडं थकली होती, दिवसाआड डायलिसिसला जावं लागत होतं. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला स्टिरिओ होता. लेकीनं आपल्या नव्या गाडीत मोठा बसवला आणि गाडीबरोबर कंपनीतून आलेला कोरा स्टिरिओ बापाला दिला. ड्रायव्हरांचं म्हणणं असं, की हॉस्पिटलपर्यंत पाऊण तास लागतो, जुना स्टिरिओ मुका झालाय, आणि गाणी नसली की ते बायकोला गाडी शिकवायला लागतात नि भांडण होतं.

काम वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. गाडी आणि स्टिरिओ एकाच कंपनीचे, पण दोघांची पत्रिका जुळेना. नव्याचा प्लग वेगळा. शिवाय गाडीच्या कॉम्प्युटरनं हाक मारल्याशिवाय तो डोळेच उघडत नव्हता, आणि जुन्या गाडीत हाक मारणारं कुणी नव्हतं. त्यासाठी एक छोटी डबी मिळते; ती मधे बसून खोटी हाक देते. मामांनी डबी आणली, स्पीकरच्या तारा एकेक करून मोजल्या, जोडल्या. तोवर बाईंनी चारदा घड्याळ पाहिलं. शाळेचे गणवेश संध्याकाळी द्यायचे होते, बटणं लावायची राहिली होती.

शेवटची तार डबीची. ती किल्लीच्या तारेवर, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज येते त्या तारेवर, जोडायची होती. मीटर मागच्या सीटवर राहिला होता, आणि बाईंनी पाचव्यांदा घड्याळ पाहिलं. मामांनी दोन तारांपैकी गडद वाटली ती धरली आणि जोडून टाकली. स्टिरिओ वाजला. ड्रायव्हरांनी मांडीवर ताल धरला. मामांनी बटण दाबून स्टिरिओचा पडदा काळा केला, मीटर उचलून घेतला, आणि गाडी गेली.

चार वाजता चहाचा पहिला घोट घेताना मामांना तो न लावलेला मीटर आठवला. त्यांनी कप खाली ठेवला. ती तार किल्लीची नसून थेट बॅटरीची असली तर डबी रात्रभर हाक मारत राहणार. पडदा काळा, पण स्टिरिओ आत जागाच. जुनी बॅटरी सकाळपर्यंत गार पडणार. आणि सकाळी सहाला त्यांना हॉस्पिटलला निघायचं होतं, हे बाई दोनदा बोलल्या होत्या.

फोन नंबर घेतला नव्हता. घराच्या खिडकीतून पाण्याच्या टाकीचा जिना दिसतो, एवढंच ड्रायव्हर बोलण्याच्या ओघात म्हणाले होते. मामांनी शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

टाकीभोवती चार गल्ल्या. पहिल्या दोन पालथ्या घातल्या. छोट्या जुन्या गाड्या ढीगभर, ती एक सोडून. मामांच्या डोळ्यांसमोर नको नको ते येऊ लागलं: बाई किल्ली फिरवताहेत, गाडी नुसती खोकतेय, डायलिसिस चुकल्यानं ड्रायव्हर सुजलेल्या तोंडानं बसलेत. तिसऱ्या गल्लीत इस्त्रीवाला भेटला. दिवसाआड पहाटे गाडी काढणारं जोडपं विचारल्यावर त्यानं इस्त्री न थांबवता हनुवटीनं घर दाखवलं.

बाईंनी दार उघडलं तेव्हा ओठांत सुई होती. मामांनी सांगितलं, की एक तार पुन्हा बघायची आहे. काय झालं, असं बाईंनी विचारलं. काही नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. मामांच्या तोंडून मात्र खरं निघालं.

"मला लाल-हिरवं कळत नाही. रोज मोजून जोडतो. आज नाही मोजलं."

बाईंनी सुई काढून पदराला टोचली. "उद्या गाडी निघाली नसती, तर यांचं काय झालं असतं?"

मामांनी पिशवीतून मीटर काढला. आतल्या पलंगावरून ड्रायव्हरांनी विचारलं, कोण आलंय? बाईंनी टॉर्च घेतला आणि दार मागे ओढून घेतलं.

मीटर लावला तेव्हा झोपलेली गाडी जागी असल्यासारखी वीज खात होती. तार चुकलीच होती. बाई टॉर्च धरून वाकल्या आणि सांगू लागल्या, ही लाल, ही हिरवी, ही तपकिरी. मामांनी प्रत्येक तारेला तरीही सुई टोचली.

"मी सांगतेय ना," बाई म्हणाल्या.

"तरीही," मामा म्हणाले.

किल्लीची तार सापडली, जोडली, टेप गुंडाळली. खिडकीतून वायर सोडून बॅटरी बरोबर आणलेल्या चार्जरला लावली. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, सकाळी साडेपाचला या.

मामा पाचलाच पोहोचले. आदली रात्र त्यांनी कूस बदलत काढली होती. मीटरचा आकडा बरोबर होता, तरी बाईंनी किल्ली फिरवेपर्यंत त्यांनी मीटर हातातून सोडला नाही. इंजिन एका दमात सुरू झालं, पाठोपाठ गाणंही. ड्रायव्हरांनी काच खाली करून विचारलं, एवढ्या सकाळी आलात, चहा तरी झाला का? त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. बाई सरळ समोर बघत होत्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मामा तिथंच उभे होते.

पुढच्या आठवड्यात दुकानात दोन नवी गिऱ्हाईकं आली. शिवणकामवाल्या बाईंनी पाठवलं म्हणाली. आणखी काय म्हणाल्या, हे विचारायचं मामांच्या ओठांवर आलं होतं. एकानं आपणहून सांगितलं, "म्हणाल्या, वेळ लावतील, घाई करू नका."

बाकीचं त्यांनी सांगितलं की नाही, हे मामांना कधीच कळलं नाही. त्यांनी मीटर गळ्यात अडकवून घ्यायला दोरी तेवढी केली.